हरिहरेश्वरची प्रदक्षिणा: ओहोटीची वेळ आधी, पुण्यातून निघण्याची वेळ नंतर

पुण्याहून हरिहरेश्वरला जाणारे बहुतेक जण सहलीची आखणी उलट्या क्रमाने करतात. आधी शनिवार-रविवार ठरतो, मग खोली, मग गाडी, आणि समुद्र काय करतो आहे हे कळते ते देवळामागच्या पायऱ्या उतरून खडकावर पाय ठेवल्यावर. दर्शनाला ओहोटीची वाट पाहावी लागत नाही, वाळूचा किनाराही दिवसभर असतो. परंतु डोंगराला समुद्राच्या अंगाने वळसा घालणारा प्रदक्षिणेचा मार्ग दिवसातून फक्त काही तास मोकळा असतो आणि ते तास रोज पुढे सरकतात. या एका मार्गावर सुरक्षितपणे जाऊन येण्यासाठी काय, कोणत्या क्रमाने करावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

टप्पा १ : तारखेआधी तिथी पाहा

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना आडाखा आजही उपयोगी पडतो. त्या दिवशीच्या तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, आणि तिच्यात सुमारे सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटीची वेळ मिळते. उदाहरणार्थ, द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे भरती दीडच्या सुमारास आणि ओहोटी पावणेआठच्या सुमारास. चतुर्थीला भरती तीनला आणि ओहोटी सव्वानऊला येते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब तोच राहतो. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होत असल्याने हीच वेळ सकाळी आणि रात्री, किंवा दुपारी आणि पहाटे, थोड्या फरकाने पुन्हा येते.

येथे एक चूक हमखास होते. पंचांगात अमावास्येसमोर ३० हा अंक छापलेला असतो आणि नवखा माणूस त्याचीच पाऊणपट करतो. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्हींसाठी १५ हाच अंक धरावा. सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि साडेपाचच्या सुमारास ओहोटी असे उत्तर येते.

वेळ कळली म्हणजे काम संपले असे नाही. ओहोटीला पाणी किती मागे जाते हेही तितकेच महत्त्वाचे आहे, आणि इथेच पुण्याच्या एकदिवसीय सहली फसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते: भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात: भरती लहान, पण ओहोटीही उथळ. अष्टमीला ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास येत असल्याने पहाटे पुण्यातून निघणाऱ्याला तो दिवस सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्या दिवशी पाणी खडकांवरून पुरते हटतच नाही, घळींमध्ये ते खेळत राहते, आणि 'ओहोटी असूनही पाणी कसे' असा प्रश्न पडतो.

माझ्या मते पुणेकरांना दोनच खिडक्या खऱ्या उपयोगाच्या आहेत. पहिली, द्वितीया ते चतुर्थी, सकाळची ओहोटी. यासाठी आदल्या रात्री मुक्काम हवा. दुसरी, द्वादशी-त्रयोदशी, दुपारची ओहोटी. द्वादशीला ती सव्वातीनच्या आणि त्रयोदशीला चारच्या सुमारास येते, त्यामुळे पहाटे निघून त्याच दिवशी ती साधता येते. या दोहोंत मी सकाळचीच निवडतो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे असतात आणि पाणी तुलनेने शांत असते. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात आणि तेवढ्याच ओहोटीला लाटा जास्त उसळतात. अमावास्या-पौर्णिमेच्या प्रत्यक्ष दिवशी संध्याकाळची ओहोटी साधण्याचा मोह टाळावा, कारण हिवाळ्यात पाणी सर्वात मागे जाईपर्यंत सूर्य मावळतीला टेकलेला असतो आणि परतीची वाट अंधारात चालावी लागते.

ऋतूंबद्दल थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्च ते मे या काळात खडक तापतात, म्हणून फक्त सकाळी जावे. जून ते सप्टेंबर या काळात प्रदक्षिणेचा विचारच करू नये. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे दर्या शांत झाला, असे समजून सप्टेंबरमध्ये खडकावर उतरणेही चुकीचे आहे.

टप्पा २ : आडाख्याचा तक्त्याशी ताळा करा

पाऊणपटीचा हिशेब दिवस निवडण्यासाठी आहे, खडकावर पाय ठेवण्यासाठी नाही. त्यात अर्धा-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. दिवस ठरला की भरती-ओहोटीचा छापील किंवा ऑनलाइन तक्ता पाहावा. असे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो, आणि हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडूनही भरतीचे अंदाज मिळतात.

तक्ता वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, तक्ता कोणत्या बंदराचा आहे. अनेक जण मुंबईची वेळ जशीच्या तशी वापरतात. परंतु आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते, म्हणून सावित्री नदीच्या मुखाशी असलेल्या हरिहरेश्वरला ती मुंबईच्या थोडी आधीच पोचते. मुंबईच्या वेळेवर विसंबणारा माणूस नकळत उशीर करतो. जवळच्या श्रीवर्धन किंवा बाणकोटची वेळ मिळाल्यास तीच धरावी. दुसरी गोष्ट, पाण्याच्या उंचीचा आकडा. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. आपण निवडलेली ओहोटी त्यांतली खोल आहे की उथळ, ते पाहून घ्यावे. तिसरी गोष्ट, लाटांचा इशारा. हे महासागर केंद्र उंच लाटांच्या सूचना देते, आणि दूरच्या समुद्रातल्या वादळाने उठलेल्या लाटा आपल्याकडे आकाश निरभ्र असतानाही येऊन आदळतात. तक्ता फक्त पाण्याची पातळी सांगतो. त्यावर लाट किती चढेल हे तो सांगत नाही.

*तपासा: कागदावर चार वेळा लिहिलेल्या असाव्यात. पूर्ण ओहोटी, उतरण्याची वेळ (ओहोटीच्या दीड तास आधी), वाळूवर पोचण्याची वेळ (फार तर ओहोटीच्या क्षणी) आणि सूर्यास्त. हा कागद गाडी चालवणाऱ्याकडे नव्हे, तर गटाला 'आता चला' म्हणू शकेल अशा माणसाकडे द्यावा.*

टप्पा ३ : पुण्यातच करायची तयारी

सर्वात महत्त्वाची गोष्ट पादत्राणांची आहे. प्रदक्षिणा म्हणून पुष्कळ भाविक चपला देवळाबाहेर ठेवून अनवाणी निघतात, आणि अर्ध्या वाटेवर कालवांचे धारदार कवच तळपायात घुसले की ना पुढे जाता येते, ना मागे. साधी स्लिपर त्याहून वाईट, कारण ओल्या खडकावर ती पायातून निसटते. मागून पट्टा असलेली, रबरी तळाची, भिजली तरी चालतील अशी सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घ्यावेत. आधी दर्शन पूर्ण करावे, बाहेर येऊन बूट घालावेत आणि मग प्रदक्षिणेला निघावे. श्रद्धेने अनवाणीच चालायचे असेल, तर बूट पाठीवरच्या पिशवीत असू द्यावेत.

हात मोकळे राहतील अशी पाठीवरची एकच पिशवी, माणशी एक लिटर पाणी, टोपी, शिट्टी, चिकटपट्टी, जंतुनाशक आणि दहा-बारा मीटर लांबीची जाड दोरी एवढे सामान पुरते. छत्री आणि सेल्फी काठी गाडीतच ठेवावी. साडी नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या वर खोचता येईल अशी नेसावी; ओला काठ पायात अडकतो.

गटात कोण उतरणार आणि कोण वर थांबणार, हे पुण्यातच ठरवावे. गुडघेदुखी असलेले ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया आणि कडेवर घ्यावी लागणारी मुले यांनी देवळाच्या परिसरात आणि वाळूच्या किनाऱ्यावर थांबावे. पायऱ्यांच्या तोंडाशी पोचल्यावर हा विषय काढला की कुणाचे मन मोडवत नाही आणि सगळेच उतरतात.

टप्पा ४ : प्रवास

नेहमीचा रस्ता चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि पुढे हरिहरेश्वर असा आहे. अंतर सुमारे १७५ किलोमीटर असले तरी घाट आणि म्हसळ्यापुढची वळणे धरून थांब्यांसह साडेपाच ते सहा तास हाताशी ठेवावेत. इंधन माणगावलाच भरून घ्यावे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. ब्रेकवर पाय ठेवून संपूर्ण घाट उतरणाऱ्यांच्या गाड्या खाली तापून उभ्या असतात.

*सावधान: रस्त्यात गेलेला वेळ खडकावर भरून काढता येत नाही. ठरलेल्या उतरण्याच्या वेळेला एक तासाहून जास्त उशीर झाला असेल, तर त्या दिवशीची प्रदक्षिणा रद्द समजावी. ताम्हिणीत धबधब्यापाशी काढलेला अर्धा तास नेमका इथे आडवा येतो.*

टप्पा ५ : उतरण्याआधी वरून पंधरा मिनिटे

पोचल्यावर पहिली चौकशी देवळापाशी करावी: आज वाट खुली आहे का आणि पाणी कधी फिरणार. भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात हा मार्ग बंद असतो. वाट बंद आहे असे स्थानिकांनी सांगितले, तर आपल्या कागदावर काहीही लिहिलेले असो, त्यांचे म्हणणे अंतिम मानावे. आपण एका दिवसासाठी येतो. ते रोज हे पाणी पाहतात.

त्यानंतर वरच्या सुरक्षित जागेवरून घड्याळ लावून पंधरा मिनिटे समुद्र पाहावा. लाटा एकसारख्या येत नाहीत. काही मिनिटे लहान लाटा येतात आणि मग एकामागोमाग तीन-चार मोठ्या येतात. दोन मिनिटे पाहून उतरणारा माणूस केवळ लहान लाटा पाहून उतरतो. ज्या खडकांवरून चालायचे आहे, त्यांवर या पंधरा मिनिटांत एकदा जरी लाट चढून फेस पसरला, तरी उतरू नये.

टप्पा ६ : पायऱ्या आणि खडकावरची चाल

देवळामागून वाट आधी वर चढते आणि मग दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरते. पायऱ्या उंच आणि वाऱ्याने आलेल्या खाऱ्या ओलाव्यामुळे निसरड्या असतात. एका वेळी एका रांगेत, हाताचा आधार घेत उतरावे. मध्येच थांबून फोटो काढू नये, कारण मागून येणाऱ्यांना थांबायला जागा नसते.

खाली आल्यावर डोंगर उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून चालायचे आहे. पहिल्या पन्नास पावलांतच डोळ्यांना खडकाचे रंग वाचायची सवय लावावी. करडा-काळा, कोरडा, खरखरीत आणि मिठाची पांढरी पुटे चढलेला खडक पाय धरून ठेवतो. हिरवा खडक, मग तो कोरडा दिसला तरी, टाळावा. काळपट-तपकिरी आणि चकाकणारा खडक सर्वात फसवा, कारण त्यावरचे शेवाळ दिसत नाही, पाय सरकल्यावरच कळते. लांब ढांगा टाकू नयेत. आधी पाय ठेवून पाहावा, मग त्यावर भार द्यावा. एका खडकावरून दुसऱ्यावर उडी मारू नये, अगदी फूटभर अंतर असले तरीही.

वाटेत खडकांना चिरत आत गेलेल्या घळी लागतात. जाताना ज्या घळीत घोटाभर पाणी आहे, तिच्यात पाणी चढू लागले की परतीची वाट सर्वात आधी तिथेच तुटते. म्हणून प्रत्येक घळ ओलांडताना मागे वळून पाहावे आणि तिच्या काठावरचा एखादा ठळक दगड खुणेसाठी लक्षात ठेवावा.

*तपासा: कड्याच्या भिंतीवर ओला, गडद पट्टा कुठवर आहे ते पाहा. तो पट्टा डोक्याच्या वर असेल, तर भरतीचे पाणी या जागी डोक्यावरून जाते. अशा ठिकाणी बसणे, डबा उघडणे किंवा मागच्यांची वाट पाहत थांबणे योग्य नाही.*

टप्पा ७ : काय पाहावे, कुठे थांबावे

वेळ नीट साधली असेल, तर घाई करण्याचे कारण नाही. डोंगराच्या भिंतीवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पडलेली दिसतात. लाटांचे तुषार खडकाच्या बारीक भेगांत शिरतात, पाणी वाळते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण कण सुटत जातो. त्यातून ही जाळी तयार होते. दोन छिद्रांमधली भिंत कधी बोटाइतकीच जाड उरलेली असते, त्यामुळे तिला धरून वर चढू नये आणि त्यावर नावे कोरण्याचा विचारही मनात आणू नये. कड्याच्या पायथ्याशी लाटांनी आत कोरलेली खोबण आणि तिच्यापुढे समुद्रात शिरणारा खडकांचा सपाट ओटा, हे दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत: लाट खालून कडा पोखरते, वरचा भाग कोसळतो, आणि मागे हटलेल्या कड्याची बैठक तेवढी उरते. वरचा भाग आजही सुटून पडू शकतो, म्हणून खोबणीच्या आत सावलीला बसू नये.

ओट्यावरच्या डबक्यांपाशी मात्र जरूर खाली बसावे. सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूने बसून दोन मिनिटे हालचाल न करता थांबले, की आधी निर्जीव वाटलेले डबके हलू लागते. एखादा शंख तिरका चालतो आणि त्याच्या तोंडातून तांबूस नांग्या बाहेर येतात; तो शंखातला खेकडा असतो. खडकाला चिकटलेला ओला, गोल, मांसल गोळा सावकाश उमलतो आणि त्याची बोटे पाण्यात पसरतात, ते समुद्रफूल. बोट लावले की ते मिटते आणि पुन्हा उमलायला वेळ घेते, त्यामुळे हात लावू नये. शंख रिकामा दिसला तरी पुण्याला आणू नये, कारण पुढच्या खेकड्याचे घर तेच असते.

थांबण्याची जागा निवडताना समुद्राकडे पाठ होणार नाही हे पाहावे. फोटो काढणारा लाटेकडे पाहत असतो, पण ज्याचा फोटो काढायचा त्याची पाठ समुद्राकडे असते. त्यामुळे फोटो डोंगराच्या बाजूला उभे राहूनच काढावेत.

टप्पा ८ : वाळूवर कधी पोचावे

सर्वाधिक चुका इथेच होतात. पूर्ण ओहोटी आठला असेल, तर बहुतेकांना वाटते की आठला उतरावे आणि मग पाणी परत यायला सहा तास आहेत. पाणी समान वेगाने चढत नाही. भरती-ओहोटीतला फरक तीन मीटर धरला, तर पहिल्या तासात पाणी साधारण पाव मीटर चढते, दुसऱ्या तासात अर्धा मीटर, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी पाऊण मीटर. पहिला तास इतका संथ असतो की मनात खोटा विश्वास तयार होतो. आणि ज्या वेळी माणूस सर्वात लांब गेलेला असतो, नेमके त्याच वेळी पाणी सर्वात वेगाने येते.

म्हणून नियम असा, की उतरत्या पाण्यासोबत उतरावे आणि पाणी फिरण्याच्या आत वाळूवर पोचावे. प्रदक्षिणेला थांबत-थांबत दीड तास धरला, तर ओहोटीच्या दीड तास आधी सुरुवात केल्यावर हा हिशेब बरोबर जुळतो, आणि रेंगाळणे झालेच, तर पहिला संथ तास राखीव म्हणून हाती राहतो. तो तास राखीवच ठेवावा, आखणीत धरू नये.

हे मी चुकून शिकलो. पहिल्या खेपेला मी आणि माझी मावशी पूर्ण ओहोटीच्या तासभर नंतर उतरलो होतो, कारण जेवण लांबले होते. निम्म्या वाटेवर एक स्थानिक बाई खडकावर बसून कालवे फोडत होत्या. आम्ही त्यांच्या शेजारून पुढे निघालो, तेव्हा त्यांनी लोखंडी हत्यार टोपलीत टाकले, टोपली कमरेवर घेतली आणि म्हणाल्या, "पाणी फिरलं. मागं चला." समुद्र मला तसाच दिसत होता. त्यांच्यामागोमाग आम्ही परतलो, तर येताना घोटाभर पाण्यातून ओलांडलेली घळ गुडघ्यापर्यंत भरली होती, आणि मागे ओसरणारे पाणी मावशीचे पाय बाजूला ओढत होते. त्या बाईंनी तिचा दंड धरला म्हणून ती पार झाली. तेव्हापासून मी घड्याळाबरोबरच कालवेवाल्यांकडेही लक्ष ठेवतो; त्या उठल्या, की आम्हीही निघतो.

*सावधान: वाट अर्ध्याहून जास्त झाली आहे, म्हणून पुढेच जाऊ, हा युक्तिवाद धोक्याचा आहे. पुढची घळ कशी आहे हे माहीत नसते; मागची आपण नुकतीच ओलांडलेली असते. शंका आली की मागे फिरावे. मागची वाटही तुटली असेल, तर पाण्यात न उतरता कड्यावरच्या ओल्या पट्ट्याच्या वरच्या, कोरड्या खडकावर चढून थांबावे आणि शिट्टी वाजवावी.*

टप्पा ९ : काही बिघडल्यास

कुणी पाण्यात पडले, तर मागोमाग उडी मारू नये. कोकणच्या किनाऱ्यावर एकाला वाचवायला गेलेले दुसरेही बुडाल्याच्या घटना दर वर्षी घडतात. दोरी, ओढणी किंवा बंद झाकणाची रिकामी पाण्याची बाटली त्याच्याकडे फेकावी, स्वतः बसून किंवा आडवे होऊन खडकाला घट्ट धरावे आणि पडलेल्याला लाट ज्या बाजूला आत ढकलते त्या बाजूने येण्यास सांगावे. एकाने ताबडतोब वर धावत जाऊन स्थानिकांना बोलवावे आणि ११२ वर फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. खाली खडकात फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून वर थांबलेल्यांपैकी एकाकडे ठरलेल्या वेळांचा दुसरा कागद असावा. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात गट दिसला नाही, तर त्याने वाट न पाहता चौकशी सुरू करावी.

कालवाने कापल्यास जखम गोड्या पाण्याने नीट धुऊन, कवचाचा तुकडा आत राहिला नाही ना हे पाहून बांधावी, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

टप्पा १० : वाट बंद असेल तेव्हा, आणि परतल्यावर

प्रदक्षिणा झाली नाही, तर दिवस वाया जात नाही. वरून दिसणारा भरतीचा समुद्र हे स्वतंत्र दर्शन आहे. खालून तो पाहण्याचा हट्ट मात्र नको. जवळच्या बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेसवीला जाणारी फेरीबोट आहे. पलीकडे बाणकोटचा किल्ला आणि खाडीचे मुख पाहून संध्याकाळपर्यंत परत येता येते. फेरीची शेवटची वेळ जातानाच विचारून घ्यावी.

त्याच दिवशी पुण्याला परतायचे असल्यास ताम्हिणी उजेडात ओलांडता येईल का, हे निघण्यापूर्वी पाहावे. दुपारच्या ओहोटीनंतर ते बहुधा जमत नाही, तेव्हा माणगावला किंवा श्रीवर्धनला मुक्काम करून सकाळी निघणे शहाणपणाचे आहे. बूट आणि दोरी गोड्या पाण्यात बुडवून वाळवावी, नाहीतर मिठाचे स्फटिक दोरीचे पीळ आतून झिजवतात. आणि वहीच्या एका पानावर त्या दिवसाची तिथी, पाऊणपटीने आलेली वेळ, तक्त्यातली वेळ आणि पाणी प्रत्यक्षात फिरलेले पाहिले ती वेळ, अशा चार नोंदी शेजारी-शेजारी लिहून ठेवाव्यात; तीन-चार खेपांनंतर आपल्या आडाख्यात नेमकी किती मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची, हे त्या पानावरूनच कळू लागते.